अज्ञान, वय वर्षे दहा

४ फेब्रुवारी

ताई,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडलं. मग खोडलेलं तुला दिसेल म्हणून कागदच बदलला. तेव्हा आता नुसतं ताई.

काल दुपारी कोर्टाचा माणूस दुकानात आला. मी एका कोटाच्या बाहीवर वाफ मारत होते. तो म्हणाला, “प्रतिवादी क्रमांक दोन इथेच राहते का? सही पाहिजे.” मला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचं झेंगट असेल. लाँड्रीचा पत्ता देऊन मोकळे होणारे लोक कमी नाहीत. म्हटलं, “कपडे टाकायचे असतील तर पावती करते, बाकीचं आम्ही घेत नाही.” तो हसला नाही. त्याने कागदावर बोट ठेवलं.

मुंगीचं नाव. शाळेच्या हजेरीत असतं तसं पूर्ण, बापाच्या नावासकट. आणि त्यापुढे, “अज्ञान, वय वर्षे दहा, आईतर्फे.”

ती शाळेतून आली तेव्हा कागद टेबलावरच होता. तुला माहीत आहे, त्या पोरीच्या तावडीतून छापील काही सुटत नाही. वाचलं आणि विचारलं, “आई, मी अज्ञान आहे?”

मी म्हटलं, “कोर्टाच्या भाषेत लहान मुलांना तसं म्हणतात. अठराच्या आतल्या सगळ्यांना.”

“म्हणजे टिल्लू पण?”

“तोपण.”

तिने कागद पुन्हा वाचला. “दोघं अज्ञान, मग भांडतंय कोण?”

आता तूच सांग, काय उत्तर देऊ.

तुझ्या टिल्लूच्या हातासाठी तू आमच्या इमारतीच्या मालकावर दावा लावलास तेव्हा मीच म्हटलं होतं ना, बरं केलंस? रुळावरच्या त्या सरकत्या गेटला अडसर नाही, उतारावर जड होऊन धावत सुटतं, हे मी स्वतः तुझ्या वकीलबाईंना सही करून दिलं. मग मुंगी त्यात कुठून आली? तू फोन उचलत नाहीस म्हणून भाऊजींना लावला. ते म्हणाले, “मालक म्हणतो गेट ठीक होतं, पोरीने ढकललं. म्हणून वकीलबाईंनी तिलाही घातलं. नुसतं कागदोपत्री आहे हो, मनाला लावून घेऊ नका.”

तुमचं बरं आहे. दुसऱ्या गावी बदली घेतलीत, मोठ्या हॉस्पिटलाजवळ घर घेतलंत. त्या गेटातून रोज ये-जा आम्ही करतो.

टिल्लूचा तो निळा शर्ट माझ्याकडे आहे. डाग गेला. थंड पाण्यात भिजवलं की रक्त निघतं, गरम पाण्यात घातलं की कायमचं बसतं. पाठवू की ठेवू?

धाकटी

२० मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा हट्ट मला नवा नाही, लहानपणी तू माझ्याशी एका पेन्सिलीवरून अख्खा उन्हाळा बोलली नव्हतीस.

आम्हाला वकील करावा लागला. तुला आठवतील, जाड भिंगवाले, ज्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात नेहमी शेंगदाण्याची टरफलं निघायची. ते म्हणाले, पहिल्यापासून सगळं लिहून आणा. तेच तुलाही लिहिते. त्या दिवशी तू ड्युटीवर होतीस. तुला जे कळलं ते माझ्या रडण्यातून कळलं, आणि रडण्यातून कुणाला काही धड कळत नाही.

शनिवार होता. तुझ्या ड्युटीच्या दिवशी टिल्लू आमच्याकडे असायचा तसा होता. जेवून दोघं अंगणात गेली. हे गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला बाहेर गेले होते. मी दुकानात, पडद्यांची मोठी गठडी आली होती, ती सोडत होते. खिडकीतून गेट दिसतं, पण मी गेटाकडे बघत नव्हते, पडद्यांच्या कड्या काढत होते. गेट सरकल्याचा आवाज आला. तो दिवसभर येतो. त्यानंतर काहीच आवाज आला नाही. ओरडणं नंतर आलं, ताई. आधी ते गप्प होणं आलं आणि त्यानेच मी धावले.

मुंगी दोन्ही हातांनी गेट मागे ओढत होती. चढावर ते मोठ्या माणसालाही जड जातं. तिच्या चपला घसरत होत्या. गेटवरच्या काकांनी येऊन ओढलं तेव्हा ते चाक टिल्लूच्या हातावरून निघालं. बाकी तू बघितलंसच. अंगठ्याशेजारची दोन बोटं.

वकिलांनी वाचून कागद बाजूला ठेवला. म्हणाले, “हे बघा बाई, मोठ्या माणसाने असं केलं असतं तर निष्काळजीपणा सरळ होता. पण पोरांना मोठ्यांचं माप लावत नाहीत. तिच्या वयाचं, तिच्याएवढी समज आणि अनुभव असलेलं मूल तिथे असतं, तर ते कसं वागलं असतं? कोर्ट एवढंच बघेल.”

“मग प्रश्नच मिटला,” हे म्हणाले.

“मिटला कसा? समोरची बाजू म्हणणार, ही वयापेक्षा हुशार आहे, हिला कळायला हवं होतं. आपण म्हणायचं, चारचौघींसारखी आहे. जरा कमीच.”

घरी आल्यावर ह्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरची तिची प्रशस्तिपत्रकं काढली. वाचनाचं, गणिताचं, ते वर्गप्रमुख झाली तेव्हाचं. वकील म्हणाले होते, कुणी घरी बघायला येत नाही, पण नको. भिंतीवर पांढरे चौकोन राहिलेत. मुंगी म्हणाली, “बाबा, रंग द्यायचाय का?” हे म्हणाले, “हो.”

ती बरी आहे. विचारलं नाहीस, तरी सांगते.

धाकटी

२९ जून

ताई,

भाऊजींचा निरोप मिळाला की, टिल्लूच्या हातावर दुसरं ऑपरेशन झालं आणि जखम भरतेय. त्यांनी गुपचूप कळवलं असेल तर त्यांना रागावू नकोस.

इथे सगळं ठीक. पाऊस लांबलाय, उन्हामुळे कामाला तोटा नाही, लोक दिवसाला दोन शर्ट घालतात. मुंगी पाचवीत गेली. जेवते. म्हणजे ताटावर बसते. शाळेत हल्ली मागच्या गल्लीने जाते, लांब पडतं, पण म्हणते तिकडे सावली असते. तिकडे एकही झाड नाही.

परवा शाळेतून चिठ्ठी आली. अक्षर बिघडलंय, ओळी उतरतात, पालकांनी लक्ष द्यावं. मी तिचं अक्षर बघितलं, तर बालवाडीतल्या पोराचं वाटावं. चिडले. म्हटलं, “मोत्यासारखं अक्षर होतं, माती केलीस त्याची.” तिने वही मिटली. संध्याकाळी दुकानाच्या मागे, जिथे आपण हँगरची पेटी ठेवतो, तिथे अभ्यासाला बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं तिने रबरबँडने तळव्याशी मुडपून बांधली होती. डाव्या हाताने लिहीत होती. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

मी रबर कापून काढलं. “हे काय चाललंय?”

“टिल्लूला कसं जमत असेल ते बघत होते.”

“कधीपासून?”

ती बोटं उघडमीट करत म्हणाली, “लिहिता येतं, आई. हळूहळू येतं. पण शर्टाची बटणं नाही लागत. मावशीला सांग, त्याला चेनवाले शर्ट घे.”

तिचा निरोप पोचवला.

मी ‘ती बरी आहे’ असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते तेव्हाही खरं नव्हतं.

तू नर्स आहेस. रोज दुसऱ्यांच्या पोरांना ‘काही नाही होत हं’ म्हणत सुया टोचतेस. मी तुझ्याकडे दावा मागे घे म्हणून भीक मागत नाही. वकीलबाईंनी तिचं नाव घातलं, ते काढता येतं का, एवढं विचारतेय. आमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. एकदा फोन उचल.

धाकटी

२७ सप्टेंबर

ताई,

आठवड्यापूर्वी आपण एका खोलीत होतो आणि तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. तू वाळलीस. त्या राखाडी साडीची घडी चुकीच्या बाजूने होती. नजरेची सवय, काय करणार.

तुझी साक्ष झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. वकीलबाईंनी विचारलं, “तुमची भाची वयाच्या मानाने कशी आहे?” तू म्हणालीस, “हुशार आहे. समंजस आहे. मी तिच्या भरवशावर माझ्या मुलाला सोडत होते.” आणि ‘भरवशावर’ म्हणताना तुझा आवाज फाटला.

मग मी. आमच्या वकिलांनी विचारलं तेच. मी म्हणाले, “साधारण आहे. विसरभोळी. दूध बघायला सांगितलं की उतू जातं. पुस्तकं वाचते, पण व्यवहार कळत नाही.”

ताई, आपण दोघी दहा वर्षं हेच बोलत आलो. तू म्हणायचीस, “किती हुशार गं पोर,” आणि मी म्हणायचे, “कसली हुशार, डोंबल! उगाच दृष्ट लावू नकोस.” चहा पिताना बोलायचो. त्याच शब्दांची शपथेवर साक्ष होईल, हे कुणाला माहीत होतं! तिच्या वर्गशिक्षिकेला पण बोलावलं होतं. तिने ‘मध्यम’ म्हटलं. मुंगी सगळं ऐकत होती. तिला बाहेर बसवलं होतं, पण दाराला फट होती. नंतर तिने मला विचारलं, “मी खरंच मध्यम आहे, की कोर्टापुरती?”

तिची वेळ आली तेव्हा न्यायाधीशबाईंनी तिला जवळच्या खुर्चीत बसवलं. चष्मा काढला. मला बरं वाटलं.

“खोटं बोललं तर काय होतं, बाळ?”

“नंतरचं खरंपण कुणाला पटत नाही.”

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. हे ‘मध्यम’ मुलीचं उत्तर नव्हतं. त्यांनी तिला आदल्या दिवशी बजावलं होतं, विचारलं तेवढंच सांगायचं, आणि ‘आठवत नाही’ म्हटलं तरी चालतं.

“काय खेळत होतात तुम्ही?”

“झाकण-झाकण. रुळावर बाटलीचं झाकण ठेवायचं. मी ‘गाडी आली’ म्हणायचं आणि गेट ढकलायचं. टिल्लूने हात काढायचा. झाकण चपटं होतं.”

“गेट ढकललंस तेव्हा त्याचा हात तुला दिसत होता का?”

 वकिलांनी तिच्याकडे बघून खोकल्यासारखं केलं.

“दिसला,” मुंगी म्हणाली.

तू उठलीस आणि बाहेर गेलीस. दार आपटलं नाहीस, हळू लावलंस. त्यामुळे पुढचं तू ऐकलं नाहीस. म्हणून हे पत्र.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, “मग थांबली का नाहीस?”

“मला वाटलं, तो काढेल. नेहमी काढायचा. त्या दिवशी झाकण सरकलं, म्हणून तो परत नीट लावायला गेला. पण मी ‘गाडी आली’ म्हटलेलं होतं. एकदा म्हटल्यावर थांबत नाहीत.”

“थांबायला हवं, हे तुला कळत नव्हतं?”

तिने बराच विचार केला. वकील मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण.

“आता कळतं,” ती म्हणाली.

“आणि तेव्हा?”

“तेव्हा खेळ चालू होता.”

बाईंनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. मग तिला पाणी दिलं. तिने पेला डाव्या हाताने धरला.

घरी येताना रिक्षात हे तिच्यावर ओरडले. “सगळ्यावर बोळा फिरवलास! दिसला म्हणायची काय गरज होती?” ती म्हणाली, “पण बाबा, दिसला होता.” त्यानंतर हे तोंड फिरवून रस्त्याकडे बघत रडत होते. रिक्षावाला आरसा वाकडा करून बसला, बिचारा.

तू निम्मंच ऐकून गेलीस. निम्म्यावर मत करू नकोस.

धाकटी

१२ डिसेंबर

ताई,

काल निकाल लागला. तू होतीस, तरी लिहिते, कारण आपण बोललो नाही.

मालकाचा दोष. गेटला अडसर नव्हता, तिथे पोरं खेळतात हे त्याला ठाऊक होतं, गेटवरच्या काकांनी त्याला दोनदा सांगितलं होतं. मुलं मुलांसारखीच वागणार, हे मोठ्यांनी धरून चालायचं असतं, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. टिल्लूला भरपाई मिळेल. मुंगीचा दोष नाही. दहा वर्षांच्या मुलीला, ती वाचनात कितीही पुढे असली, तरी रंगात आलेला खेळ मोडून थांबणं सुचेलच असं नाही. मोठ्या माणसाला ते सुचायलाच हवं होतं. या वयाच्या मुलीला सुचलं नाही, म्हणून तिला निष्काळजी म्हणता येणार नाही.

वकिलांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मी पदराने तोंड पुसलं. तुझ्या वकीलबाई हसत होत्या. सगळेच जिंकले होते. अशी केस वर्षातून एखादी, म्हणाले वकील.

मग तो बाहेरचा लांब व्हरांडा. तू तेव्हा टेबलापाशी सही करत होतीस. टिल्लू धावत आला. केवढा उंच झालाय गं! “मुंगीताई, मला बुटाची लेस बांधता येते, बघ!” वाकला आणि बांधायला लागला. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. जीभ बाहेर काढून बसला होता. मुंगीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी म्हटलं, “मुंगे, मदत कर की त्याला.”

ती भिंतीला चिकटली. “मी हात नाही लावणार.”

“अगं, लेस बांधायचीय नुसती.”

“मी नाही त्याला हात लावणार!” व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. टिल्लूचा चेहरा पडला. त्याला वाटलं, त्याच्या हाताची तिला किळस येते. त्याने तो हात खिशात घातला, ताई. मी बघितलं. आणि तू आलीस, खाली बसून त्याची लेस बांधलीस, आणि उठताना मुंगीकडे बघितलंस. काय होतं त्या बघण्यात, मला अर्थ लावता येत नाही. मग तुम्ही जिना उतरलात.

रात्री तिने विचारलं, “म्हणजे मी काहीच केलं नाही?”

“केलं नाहीस असं नाही. तुझी चूक नाही.”

“कारण मी दहा वर्षांची होते.”

“हो.”

“मग अठराची झाले की ते माझं होईल?”

“काय?”

“ते. ढकललेलं.”

मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी. तेव्हापासून जो येतो तो तिला सांगतो, तू काही केलं नाहीस, विसरून जा. हे सांगतात, शिक्षिका सांगते, वरच्या मजल्यावरची आजी सांगते. मी तर दिवसातून दहादा सांगते. प्रत्येक वेळी ती आणखी थोडी मिटते. तिला काय ऐकायचंय ते आमच्यापैकी कुणाकडे नाही.

मी माफी मागत नाही, देतही नाही. मुंगीचं नाव तू कोर्टात घातलंस, ते मला आयुष्यभर सलेल. तुझं जे सलतं ते मोठं आहे, हेही कळतं. पण आपलं राहू दे. त्या पोरीशी तू बोल. चांगलं बोल असंही म्हणत नाही. बोल.

तुझी धाकटी

९ जानेवारी

मुंगे,

तुझ्या आईची सगळी पत्रं मिळाली. उत्तर तिला देत नाही, तुला देते. तिला वाचायला दे किंवा देऊ नकोस.

कोर्टात तू ‘दिसला’ म्हणालीस आणि मी बाहेर गेले. मला तुला मारावंसं वाटलं म्हणून गेले. हे तुला कुणी मोठं माणूस सांगणार नाही. तू खरं बोललीस, तर मीही बोलते.

तू ढकललंस आणि टिल्लूची बोटं गेली. हे झालं. ‘काही केलं नाहीस’ असं तुला सगळे म्हणतात. मी म्हणणार नाही. तू मुद्दाम केलं नाहीस, हेही झालं. तुझा त्याच्यावर जीव होता, मी बघितलाय तो. हे सगळं एकाच वेळी खरं आहे आणि मला ते अजून एका जागी ठेवता येत नाही. न्यायाधीशबाईंना आलं. त्यांचं ते कामच आहे.

सहा वर्षांचं पोर दहा वर्षांच्या पोरीच्या भरवशावर मी सोडलं होतं. माझं वय कोर्टात कुणी विचारलं नाही.

व्हरांड्यातून आल्यावर टिल्लू दोन दिवस हात खिशात घालून हिंडत होता. तू घाबरली होतीस, किळस नव्हती, हे मी त्याला सांगितलं. मला ते दिसलं होतं. मग त्याला पहिल्यांदाच विचारलं, त्या दिवशी काय झालं. म्हणाला, “गाडी आली म्हटल्यावर हात घालायचा नसतो. मी चुकलो.” मी म्हटलं, तू नाही चुकलास. तर म्हणाला, “मग मुंगीताई चुकली?” मी भाजी चिरत होते. तशीच चिरत राहिले.

त्याला तुझी आठवण येते. मला तुझा राग येतो. तो जाईल की नाही, मला माहीत नाही. तो गेला असं कधी खोटं सांगणार नाही, एवढं कबूल करते. अठराची झालीस की ये आणि विचार, मी तेव्हा जे असेल ते सांगेन.

रविवारी सकाळी फोन कर. मी उचलणार नाही, मला जमणार नाही. पण वाजला की त्याला सांगेन, तुझा आहे. तो डाव्या हाताने उचलतो, वेळ लागतो. ठेवून देऊ नकोस.

मावशी